शिगवण करणे

"चांदे, उद्या सकाळी नळाला पाणी यायचं नाय हो. पंप जळलाय. आजच काय ते भरून ठेव."

पारूकाकी हे तिच्या म्हशीला सांगत होती. म्हैस रवंथ करत उभी होती. नळाच्या पाण्याशी तिचा काही संबंध नव्हता, ती वहाळावर जाऊन प्यायची. पण कुंपणाच्या अलीकडे माझ्या सासूबाई तांदूळ पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मला म्हणाल्या, "वैजू, हंडे काढ गो."

पारूकाकीकडे त्यांनी बघितलं नाही. पारूकाकीनेही इकडे बघितलं नाही. म्हशीच्या पाठीवर थाप मारून ती घरात गेली.

आमच्या घराशी बोलायला गावाला बंदी होती. म्हशीशी बोलायला नव्हती.

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. आता असल्या प्रकाराविरुद्ध कायदा आहे, तेव्हा नव्हता. खारकोंड म्हणजे डोंगराच्या उतारावर बसलेलं आमच्या कुणब्यांचं गाव. सरपंच कागदावर असायचा, कारभार गावकीचा. गावकी म्हणजे घरटी एक पुरुष, आणि त्या सगळ्यांच्या वर बाबाजी कुळये. अध्यक्ष. हा माणूस कधी आवाज चढवून बोललेला मी ऐकला नाही. चढवायची गरजच पडायची नाही.

त्या वर्षी ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध करायची असं गावकीने ठरवलं, उमेदवारही ठरवले. माझे सासरे, राघो शिगवण, म्हणजे आमचे आबा, मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन नुकतेच गावी आले होते. गोदीत त्यांनी युनियनच्या निवडणुका पाहिल्या होत्या. ते तालुक्याला गेले आणि अर्ज भरून आले. का भरला म्हणून विचारलं तर म्हणाले, "पेटी आणणार, पोलीस आणणार, शाई आणणार. एवढं सामान आणतायत तर कुणीतरी उभं राहायला नको?"

अर्ज मागे घ्या म्हणून निरोप आले. आबांनी घेतला नाही. निवडणूक झाली. आमच्या घरात मतं चार होती: आबा, सासूबाई, मी, आणि मतदानासाठी मुंबईहून आलेला माझा नवरा दिनकर. पेटीत आबांच्या नावावर तीन निघाली.

त्या संध्याकाळी जेवताना आबा आमच्याकडे एकेकाकडे बघत होते. दिनकर म्हणाला, "शाई पसरली असेल. बाद झालं असेल एखादं." आबा म्हणाले, "बाद एकही नाही. मी विचारलंय." मला वाटलं दिनकर असणार, त्याला गावकीची भीती होती. दिनकरला वाटलं मी असणार, मी परगावची. असा आमच्या घरात एक संशय फिरायला लागला, आणि बाहेरचं बोलणं तर दुसऱ्याच दिवशी बंद झालं.

माझे वडील पेणला लाकडाच्या वखारीत दिवाणजी होते. माणसाने काय दिलं आणि काय राखून ठेवलं हे मनात मांडून ठेवायची खोड मला त्यांच्याकडून आली. मी गावाची मांडणी केली. काही जण आम्हाला बघून मान पटकन फिरवायचे, ते बिचारे. काही सावकाश फिरवायचे. ते नियम पाळणारे. आणि काही आधी नीट बघून घ्यायचे, लुगडं कुठलं नेसलीय, पिशवीत काय आहे, आणि मग फिरवायचे. त्यांना मजा येत होती. गिरणवाला तिसऱ्यातला. दळण घेऊन गेले की तो चालू गिरणी बंद करायचा आणि मी गेले की परत सुरू करायचा. वीज गेल्याचा आव आणायचीही तसदी घ्यायचा नाही.

नळ मात्र सरकारी होता, तो बंद करता आला नाही. मी हंडा घेऊन गेले की बाकीच्या बायका आपापले हंडे उचलून लांब उभ्या राहायच्या. त्यामुळे माझा नंबर कायम पहिला.

मुंबईत गावाची खोली होती, परळला. गावातले तरुण नोकरीला गेले की तिथेच राहायचे, एका भिंतीला ट्रंका आणि दुसऱ्या भिंतीला माणसं. दिनकर निवडणुकीहून परत गेला तर त्याची ट्रंक बाहेर गॅलरीत. ट्रंक जड होती म्हणून खोलीतल्याच दोघांनी ती उचलून खाली रस्त्यापर्यंत आणून दिली. न बोलता. दिनकरने ते पुढे कधी विसरलं नाही, आणि त्याला त्या दोघांचे आभार मानायचे होते की राग धरायचा होता, तेही ठरवता आलं नाही.

अशात एक पारूकाकी आणि तिची चांदी. काकी आणि सासूबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. दुपारची जेवणं झाली की दोघी कुंपणाला पाठ लावून बसायच्या, एक त्या बाजूने, एक या बाजूने, आणि चूल पेटवायची वेळ होईपर्यंत उठायच्या नाहीत. बंदी आल्यावर काकीने आधी काही दिवस पाळली. मग एकदा भरदुपारी ती म्हशीला गोठ्यातून काढून कुंपणाशी बांधायला लागली.

"चांदे, गोठणातल्या यसूला मुलगी झाली हो."

"चांदे, आज येष्टी उशिरा हाय."

"चांदे, सुदामासाठी खेडकडची पोरगी बघितलीय. बोलकी हाय जरा. पण घर चांगलं."

सासूबाई उत्तर द्यायच्या नाहीत. म्हैस आमची नव्हती, आणि आमच्याकडे होती ती कोंबडी. पण पोरगी बोलकी हाय हे ऐकून त्या हसल्या होत्या, मी पाहिलं.

हे टिकणार नव्हतं. गावकीत तक्रार गेली, की काकी म्हशीच्या नावाने शिगवणांशी बोलते. त्यावर म्हणे बराच वेळ चर्चा झाली. म्हशीशी बोलणं गुन्ह्यात बसत नाही असं दोघातिघांचं म्हणणं पडलं. काय ठरलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी समजलं, नेहमीच्या मार्गाने.

"चांदे," काकी म्हणाली. म्हशीच्या गळ्यातली दोरी ती सोडत होती. "तुला आता परसात बांधायची हाय. म्हशीशी बोलायचं तर गोठ्यात बोल म्हणतात, कुंपणाशी कशाला. नायतर माझापण शिगवण करतील. सुदामाचं लगीन तोंडावर हाय. कोण येईल मांडवात? तू समजून घे बाय."

म्हैस चालायला तयार नव्हती. काकीने तिला ओढत नेलं.

ओटीवर आबा सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला.

"वैजू, काय म्हणाली ती? माझं काय करतील?"

"तुमचं नाही आबा. तिचं."

"तिचं काय?"

मला सांगणं भाग होतं. "शिगवण करतील म्हणाली."

आबांनी सुपारी डबीत टाकली. डबी बंद केली. मग परत उघडून बघितली, काही राहिलं का म्हणून.

त्यानंतर तो शब्द मी आणखी दोनदा ऐकला. एकदा नळावर, लांब उभ्या असलेल्या बायकांमध्ये. एकदा येष्टीत, मागच्या बाकावर दोन बाप्ये भाऊबंदकीच्या वादाबद्दल बोलत होते: "त्याचा सरळ शिगवण करून टाका, येईल ताळ्यावर." मी पुढच्या बाकावर होते. त्यांनी मला पाहिलं असेल नसेल. पाहिलं असतं तरी त्यांना ते माझं नाव वाटलं असतं असं नाही.

आबांनी पोलिसांत तक्रार द्यायचं ठरवलं. अर्ज लिहून द्यायला खतीब सर आले. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात राहायचे, बाजारातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. ते गावकीत नव्हते, त्यामुळे त्यांना आमच्याशी बोलण्याची मुभा होती. मुभा नसती तरी ते बोलले असते असं मला तेव्हा वाटायचं. आता तेवढी खात्री देत नाही. त्यांच्या जमातीतही त्यांना मुलीचं लग्न करायचं होतंच.

ठाण्यावर मी, आबा आणि सर असे तिघे गेलो. फौजदार अर्ज वाचून म्हणाले, "मारलं?"

"नाय."

"शिवीगाळ? दगडफेक? पीक कापून नेलं?"

"नाय."

"मग काय केलं?"

"बोलत नाहीत," आबा म्हणाले.

फौजदार वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज उलटा करून पाहिला, जणू कलम मागच्या बाजूला सापडेल. "आजोबा, न बोलणं कुठल्या कलमात बसवू? माझी बायको चार दिवस बोलत नाहीये."

सर म्हणाले, "साहेब, हा सामाजिक बहिष्कार आहे."

"बायकाट म्हणा ना सरळ. माहितीये. सगळ्या पट्ट्यात चालतो." फौजदाराने अर्जावर शिक्का मारला. "चौकशीला पाठवतो कुणाला तरी. पण त्यालाही गावात कुणी काही सांगणार नाही, हे समजून चाला."

परत आल्यावर सर ओटीवर टेकले. मी चहा ठेवला. आबा गप्प होते. सरांना शांतता सोसत नसे, शिक्षकांना सोसत नाही. ते म्हणाले, "फौजदार बायकाट म्हणाला ना, तो मूळ शब्द बॉयकॉट. गंमत माहितीये का आबा? ते एका माणसाचं आडनाव आहे."

आबांनी मान वर केली.

"शंभरेक वर्षांपूर्वी आयर्लंडात एक कॅप्टन बॉयकॉट होता. बड्या जमीनदाराची जमीन सांभाळायचा, कुळांकडून खंड वसूल करायचा. पीक बुडालं, कुळं म्हणाली खंड कमी करा. यांनी उलट घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या. कुळांनी हात नाही उचलला. ठरवलं फक्त, की या माणसाशी कुणी बोलायचं नाही. घरगडी निघून गेले. दुकानदार माल देईना. टपाल कुणी पोचवेना. शेतात पीक उभं, कापायला माणूस नाही. शेवटी बाहेरून माणसं आणली, त्यांच्या रक्षणाला पलटण आली. बटाटे काढायला पलटण."

"मग?"

"मग काय. तिकडचा एक पाद्री होता, तो म्हणाला म्हणे, की या प्रकाराला लोकांना म्हणता येईल असा सोपा शब्द पाहिजे. त्यांनी त्याचंच नाव लावलं. काही महिन्यांत पेपरांत आलं. मग जगभर गेलं."

"म्हणजे कुळांनी साहेबाच्या माणसाला टाकला," आबा म्हणाले.

"हो. त्यांच्याकडे दुसरं हत्यार नव्हतं."

"बरोबरच केलं मग."

"बरोबरच केलं."

"मग आम्ही कोण सर? साहेब?"

सरांनी बशीत चहा ओतला. फुंकर घालून त्यांनी तो सावकाश प्यायला.

"त्याचं पुढे काय झालं?" आबांनी विचारलं.

"गेला सोडून. इंग्लंडला."

"आणि नाव?"

"नाव राहिलं. आता नावात माणूस नाही उरला. मुलांना विचारलं वर्गात, तर सगळ्यांना शब्द माहीत असतो. तो कुणी होता हे एकालाही नाही."

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या खतीब सरांसमोर सहसा बोलायच्या नाहीत. "त्याला बायको होती?"

"होती वहिनी."

"ती कुणाशी बोलायची?"

"ते पुस्तकात नाही," सर म्हणाले.

शिमगा जवळ आला. आमच्याकडे शिमग्याला सोमजाईची पालखी घरोघर येते. अंगण सारवायचं, रांगोळी घालायची, पाट मांडायचा. पालखी पाटावर टेकते आणि घरातली बाई देवीची ओटी भरते. वर्षभर माणूस देवळात जातो, त्या एका दिवशी देवी माणसाकडे येते. मुंबईचे चाकरमानी दिवाळीला येणार नाहीत, पण शिमग्याला नोकरीवर पाणी सोडून येतील.

आदल्या वर्षी बंदी नवीन होती. आम्ही अंगण सारवून ठेवलं होतं. ढोल-ताशे वरच्या वाटेने आले, आमच्या हद्दीच्या दगडाशी थांबले, पालखी मुकाट्याने आमच्यासमोरून गेली, आणि पलीकडच्या दगडाशी वाजप परत सुरू झालं. सासूबाई ओटीचं ताट हातात घेऊन उभ्या होत्या. नंतर त्यांनी त्यातल्या तांदळाचा भात केला. खण ट्रंकेत ठेवला.

यंदा त्यांना धाप लागायला लागली होती. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय. आबा म्हणाले, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हिच्याबद्दल कुणी खरं बोललं. त्या हसल्या नाहीत.

भाकरी थापता थापता एक दिवस त्या म्हणाल्या, "पुढच्या शिमग्याला मी असेन नसेन. देवी एकदा अंगणात आली पाहिजे."

बंदी उठवायचा मार्ग सगळ्यांना माहीत होता. सहाणेवर, म्हणजे जिथे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, गावकीसमोर नारळ ठेवायचा आणि चुकलो म्हणायचं. आमच्या बाबतीत वर पोलिसांतला अर्ज मागे घ्यायचा.

"चुकलो नाय तर चुकलो कसं म्हणू?" आबा म्हणाले.

"तोंडानी."

"उद्या ते म्हणतील बघा, शिगवण वाकला."

"ते आत्ता काय म्हणतात ते ऐकलं नाय काय तुमी?" सासूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "तुमाला वैजू हाय बोलायला. खतीब मास्तर हाय. माझ्याशी कोण बोलतं? चार घरं सोडून कुणाच्या घरात काय शिजतं ते मला म्हशीकडून कळत होतं. ती पण नेली."

"म्हणून मी—"

"मी तुमाला मत दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. मी पीठ मळत होते, मळत राहिले.

"माणसानं निवडून यावं म्हणून मत देतात ना? तुमी येणार नव्हतात. मला शेजार पायजे होता. मला वाटलं, एक मत कमी झालं तर त्यांचा राग थोडा कमी होईल." त्यांनी भाकरी उलटली. "नाय झाला."

आबांनी बाहेर जाऊन नारळाच्या ढिगातला एक उचलला, कानाशी हलवून पाणी आहे का पाहिलं, तो ठेवला, दुसरा घेतला.

सहाणेवर मी त्यांच्याबरोबर गेले. बायका तिथे बसत नाहीत, पण आबांना पायऱ्या चढताना आधार लागायचा आणि दिनकर मुंबईत होता. मी पायरीखाली उभी राहिले. दुपारची वेळ होती. पुरुष पिंपळाच्या पारावर, कट्ट्यावर, जमिनीवर बसले होते, आणि सगळे आमच्याकडे बघत होते. एवढे डोळे एकदम आमच्यावर दीड वर्षात आले नव्हते.

बाबाजी कुळये म्हणाले, "बसा आबा."

आबा बसले नाहीत.

"नारळ आणलाय. अर्ज मागे घेतो," ते म्हणाले. "एक मागणं हाय."

"बोला."

"माझं नाव घेऊन तुमी लोकांना दम देता. अमक्याचा शिगवण करू, तमक्याचा शिगवण करू. ते बंद करा. मी चुकलो म्हणतो. गावकीनं पण एक ठराव करा, की तसं बोलायचं नाय."

कुजबुज झाली. मागे कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. बाबाजींनी हाताने गप्प केलं. ते विचार करत होते, आणि खरंच करत होते. माणूस कसाही असो, एवढं मी त्याच्या जमेला धरते.

"आबा," ते म्हणाले, "माणसाशी बोलू नका हे आम्ही सांगू शकतो. माणूस दिसतो. कुणी बोललं तर कळतं. हा शब्द बोलू नका कसं सांगणार? आणि कुणाकुणाला? आता वाकवलीवाले पण म्हणतात. तिकडे माझी सत्ता नाय."

"म्हणजे नाय होणार."

"मी सुरू केला असता तर बंद केला असता. कुणी सुरू केला तेच माहीत नाय."

आबा खाली बघत होते. नारळाची शेंडी त्यांनी बोटाभोवती गुंडाळली होती. मला वाटलं आता ते फिरतील, पायऱ्या उतरतील आणि आम्ही घरी जाऊ. त्यांनीही तोच विचार केला असावा, कारण त्यांनी घराच्या दिशेला एकदा पाहिलं. तिथून आमच्या चुलीचा धूर दिसत होता.

त्यांनी नारळ ठेवला. "चुकलो," म्हणाले. दुकानात मीठ मागतात तसं.

मग सगळे बोलायला लागले. आमच्याशी. मोहोर यंदा करपलाय, येष्टीची वेळ बदलली, दिनकर शिमग्याला येतोय ना, आबा, तब्येत उतरली तुमची. सगळ्यांत आधी जवळ आला तो गिरणवाला. त्याने मला विचारलं, "वैनी, दळण नाय आणलं बरेच दिवसांत?" मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर काहीही नव्हतं. तो खरंच विचारत होता.

शिमग्याला पालखी आली. ढोल आमच्या हद्दीच्या दगडाशी थांबले नाहीत, वाजतच आत आले. पालखी पाटावर टेकली. सासूबाईंनी ट्रंकेतला खण काढला होता, घडीवर पिवळी रेघ पडलेली. त्यांनी देवीला हळद-कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. हात जोडले तेव्हा त्यांना धाप लागली होती, पण त्या खाली बसल्या नाहीत. मला वाटलं त्या रडतील. आजूबाजूच्या बायकांनाही वाटलं, दोघींनी पदर तयार ठेवले होते. त्या रडल्या नाहीत. पालखी उठली, पुढच्या घराकडे गेली. सगळं मिळून सुपारी चघळून व्हायलाही वेळ पुरला नसता.

माणसं पालखीमागे गेली. पारूकाकी मागे राहिली. तिच्याबरोबर नवी सून होती, नीलम. सुदामाचं लग्न होऊन महिना झाला होता. वरात आमच्या कुंपणावरून गेली होती आणि आम्ही दार लावून बसलो होतो.

"पाया पड गो," काकी म्हणाली.

पोरगी वाकली. सासूबाईंनी तिला घरात नेलं. नवी सून पहिल्यांदा आली की ओटी भरतात, तशी तांदूळ, नारळ, सुपारी काढली. काकी आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण नव्हतं. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. काकी म्हणाली, "भिंतीला माती लावलीस काय?" सासूबाई म्हणाल्या, "होय." आबा आतल्या खोलीत आडवे झाले होते.

ती पोरगी मात्र बोलकी होती, सांगितलं होतं तसंच. खेडचा शिमगा कसा असतो, इथले डोंगर कसे चढायला लागतात, सुदामाला आंबट कसं चालत नाही. मला तिचं बोलणं बरं वाटत होतं. आमच्या घरात तशी बडबड बऱ्याच दिवसांनी होत होती.

"पण ऐकत नाहीत हो कुणाचं," ती सुदामाबद्दल सांगत होती. "परवा माझ्यावर उगीच ओरडले. मग मी पण दिवसभर त्यांचा शिगवण केला. रात्री आले बरोबर मऊ होऊन."

पारूकाकीचा हात पुढ्यातल्या पानाच्या तबकावर होता. तिथेच राहिला.

त्या पोरीला आमचं नाव माहीत नव्हतं. लग्न होऊन आल्यावर तिला सांगितलं असणार, की खालच्या घराशी बोलायचं नाही. खालचं घर, एवढंच. गेल्या दीड वर्षात गावात आमच्या घराला दुसरं काही म्हणत नव्हते.

सासूबाई तिच्या पदरात तांदूळ घालत होत्या. एक ओंजळ घातली. दुसरी घेतली.

"काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"शिगवण केला. म्हणजे बोललेच नाही. समोर असले तरी नाही असं समजायचं. जेवायला वाढायचं, पण बघायचं नाही." ती हसली. "तुमच्याकडेच शिकले मी. आमच्या खेडला असं म्हणत नाहीत."

"कुणाचं नाव गो ते?"

"नाव?" पोरीला प्रश्नच कळला नाही. तिने सासूकडे पाहिलं, काकी जमिनीकडे बघत होती. "नाव नाही हो काकी. इकडे असं म्हणतात."

सासूबाईंनी दुसरी ओंजळ घातली. तिसरी घातली. नारळ ठेवला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि सांडलेला कुंकवाचा कण तिच्या नाकावरून आपल्या बोटाने पुसून काढला.

"सुखी राहा," त्या म्हणाल्या.

काकीने सुनेचा दंड धरला आणि तिला जवळजवळ ओढतच बाहेर नेलं. जाताना तिने एकदा वळून सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई जमिनीवर सांडलेले तांदूळ वेचत होत्या.

आतून आबांचा आवाज आला. "कोण होतं? काय म्हणत होती ती पोरगी?"

सासूबाईंनी तांदूळ मुठीत गोळा केले, सुपात टाकले.

"काय नाय," त्या म्हणाल्या. "नवी हाय. गावची भाषा शिकत्येय."